ढोल वाजवताना मनगटावरचे घड्याळ

ढोल आणि चावीचे घड्याळ ही दोन्ही तशी एकाच धंद्यातली. दोघेही ठोके देतात, आणि ठोक्यांतले अंतर सारखे राहिले तरच दोघांना किंमत. पण एकाचा ठोका दांडग्या हाताचा, तर दुसऱ्याचा मुंगीच्या पावलाचा. हे दोघे एकाच मनगटाशी आले म्हणजे काय होते, ते आज पाहू.

गणपती आले, जत्रा आली, शाळेची प्रभातफेरी निघाली, की गळ्यात ढोल नाहीतर ताशा अडकवला जातो. पोराच्या हाताला वडिलांचे घड्याळ असते. कुणी म्हणतो, "अरे, ते काढून ठेव, आवाजानं बंद पडेल." दुसरा म्हणतो, "काही होत नाही, शॉकप्रूफ आहे!" दोघांचेही थोडे थोडे चुकते. कसे, ते कळायला घड्याळाच्या पोटात डोकवावे लागेल.

आपण चावी देतो तेव्हा आतल्या डबीतली कमान गुंडाळली जाते. ती उलगडताना चाके फिरवते. तिला मोकाट सोडले तर सगळी चाके गरगरा फिरून थोड्याच वेळात थांबतील. म्हणून तिच्यावर एक राखणदार बसवलेला असतो. त्याला बॅलन्स म्हणतात. हे लहानसे चाक झोपाळ्यासारखे एकदा इकडे, एकदा तिकडे फिरते आणि दर झोक्याला बाकीच्या चाकांना एकच पाऊल पुढे जाऊ देते. झोका माघारी आणायला केसासारखी बारीक, गुंडाळीची स्प्रिंग असते. ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने ही युक्ती १६७५ साली प्रसिद्ध केली. खिशातली घड्याळे भरवशाची झाली ती तिच्यामुळे.

जुन्या चावीच्या घड्याळात हा बॅलन्स सहसा तासाला १८,००० झोके घेतो. म्हणजे सेकंदाला पाच, आणि दिवसाला ४,३२,०००. दिवसाचे सेकंद ८६,४००. तेव्हा हजारात एकाची चूक झाली, तरी घड्याळ दिवसाला जवळजवळ दीड मिनिट पुढे नाहीतर मागे जाते. आणि हा सारा डोलारा ज्या आसावर फिरतो, त्याची टोके मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाएवढी, जाडसर केसाएवढी असतात. ती कृत्रिम माणकाच्या खड्यांत फिरतात. तबकडीवर '१७ ज्वेल्स' असे लिहिलेले असते, त्यात हे खडे आलेच.

आता ढोलाकडे वळू. आवाजाने घड्याळ बिघडत नाही. बिघडते ते धक्क्याने. एस.टी.ने एकदम ब्रेक मारला की उभा माणूस पुढे फेकला जातो ना? तसेच हे. टिपरू कातड्यावर आदळले की हात अडतो, हाताबरोबर घड्याळाची डबी अडते. पण आतला बॅलन्स पुढे जाऊ पाहतो. त्याचा सगळा भार त्या केसाएवढ्या टोकांवर येतो.

हे घड्याळ करणाऱ्यांना ठाऊक होतेच. त्यांनी खड्याखाली एक इवलीशी स्प्रिंग ठेवली. टांग्याच्या चाकाला खड्डा लागला की कमानी दबतात आणि आतल्या माणसाला हिसका कमी बसतो. त्याच रीतीने धक्क्याला खडा किंचित सरकतो, आसाचा जाड भाग मार झेलतो आणि खडा पुन्हा जागेवर येतो. तबकडीवरच्या 'शॉकप्रूफ' किंवा 'पॅराशॉक' या शब्दांचा अर्थ एवढाच. त्याची आंतरराष्ट्रीय कसोटी आहे ती एक मीटर उंचीवरून लाकडी जमिनीवर पडल्याच्या धक्क्याची. म्हणजे एकदोन मोठ्या आघातांची. दोन तास ढोल बडवण्याची नव्हे.

कातडे लाकडापेक्षा मऊ असते, त्यामुळे ढोलाचा एक ठोका म्हणजे काही मोठा अपघात नव्हे. पण मिनिटाला शंभर ठोके धरले तर तासाला सहा हजार होतात. थेंबे थेंबे तळे साचते ते इथेही. बारीक स्क्रू सैल होऊ लागतात. केसस्प्रिंगेचे वेढे एकमेकांना चिकटले, तर ती आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ घोड्यासारखे पुढे पळते. टाकीचे घाव सोसून दगडाला देवपण येत असेल. घड्याळाला मात्र येत नाही.

आपोआप चावी भरणारे घड्याळ ढोल वाजवून जास्त भरेल आणि कमान तुटेल, ही भीती मात्र खोटी. कमान पूर्ण भरली की तिचे टोक डबीत घसरते. तिथे त्रास होतो तो आतल्या फिरत्या वजनाला आणि ते ज्यावर फिरते त्या आधाराला.

नुकसान एकट्या घड्याळाचेच होते असेही नाही. तबलजी डाव्या हाताच्या तळव्याची टाच डग्ग्यावर दाबून आस काढतो. तिथे पट्ट्याचे बक्कल पुडीला घासते. धातूचा पट्टा वाजवणाऱ्याच्या मनगटाला कापतो. चामड्याचा पट्टा घामाने कुजतो, आणि जुन्या डबीत घाम शिरला की गंज धरतो.

आता कुणी म्हणेल, "बिघडलं तर दुरुस्त करू." इथेच विचार हवा. हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ साली बंगलोरला मनगटी घड्याळांचा कारखाना काढला. त्या एच.एम.टी.ची 'जनता', 'पायलट' ही घड्याळे घरोघर गेली. कुणाला लग्नात मिळाली, कुणी पहिल्या पगारात घेतली. तो घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला. आज आसाचे टोक तुटले, तर तसाच आस शोधावा लागतो आणि तो बसवणारा घड्याळजीही. दोन्ही मिळाले नाहीत, तर वडिलांची आठवण कपाटात मुकी पडून राहते.

गुरुजींना वर्गात एक प्रयोग करता येईल. चावीचे घड्याळ आठवडाभर रोज सकाळी एकाच वेळी मोबाइलच्या वेळेशी ताडून पाहावे आणि फरक मुलांकडून फळ्यावर लिहून घ्यावा. फरक रोज साधारण तेवढाच पडत असेल, तर घड्याळ निरोगी आहे. तो अचानक बदलला, तर आत काहीतरी हलले आहे.

तेव्हा ढोल गळ्यात घालण्यापूर्वी घड्याळ उतरवावे आणि न वाजवणाऱ्या माणसाकडे द्यावे. ते लाउडस्पीकरवर ठेवू नये. त्यातल्या लोहचुंबकाने केसस्प्रिंगेचे वेढे चिकटतात. घड्याळ एकाएकी फार पुढे पळू लागले, तर चाकूच्या टोकाने झाकण उघडू नये; घड्याळजीकडे न्यावे. नुसते चुंबकत्व असेल तर तो ते थोड्या वेळात काढून देतो. मिरवणूक आटोपली की हात धुवावे, मनगट कोरडे करावे आणि मगच घड्याळ पुन्हा बांधावे.