कन्याकुमारीची रेघ

कन्याकुमारीस प्रथमच गेलेला मराठी प्रवासी देवीचें दर्शन आटोपून किनाऱ्यावर येतो, तेव्हां त्याचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो. अरबी समुद्र कोठें संपतो आणि बंगालचा उपसागर कोठें सुरू होतो ? शाळेंत असतांना गुरुजींनीं नकाशावर जेथें छडीचें टोंक टेंकविलें होतें, त्याच ठिकाणीं आज तो उभा असतो. नकाशावर रेघा असतात, तेव्हां पाण्यावरहि एखादी असावी, अशी त्याची भाबडी समजूत. वाटाड्या त्यास निराश करीत नाहीं. उजवीकडचें पाणी हिरवें, समोरचें निळें आणि डावीकडचें करडें, असें तो हात पसरून सांगतो, आणि प्रवाशाला तसें दिसूंहि लागतें. बरोबरच्या मुलांना मात्र तें कांहीं केल्या दिसत नाहीं. आणि या बाबतींत मुलांचेंच म्हणणें बरोबर असतें.

समुद्राच्या पाण्याचा रंग त्याच्या नांवावर अवलंबून नसतो. तळ उथळ आहे कीं खोल, तेथें वाळू आहे कीं खडक, लाटांनीं किती गाळ ढवळून वर आणला आहे, सूर्य किती वर आला आहे आणि माथ्यावर ढग आहेत कीं नाहींत, यांवर तो ठरतो. म्हणून सकाळीं दिसलेले तीन रंग दुपारीं पांच होतात, आणि आभाळ भरून आलें म्हणजे एकच उरतो. सागरी नकाशे तयार करणाऱ्या तज्ज्ञांचें उत्तर तर याहूनहि अरसिक आहे. भारत, श्रीलंका आणि मालदीव यांच्यामधील पाण्यास त्यांनीं लक्षद्वीप समुद्र असें स्वतंत्र नांव दिलें आहे, आणि कन्याकुमारीच्या पायाशीं आपटणाऱ्या लाटा त्यांच्या हिशेबीं या समुद्राच्या आहेत. पूर्वेस लगेच मन्नारचें आखात लागतें. बंगालच्या उपसागराची त्यांनीं आंखलेली हद्द श्रीलंकेच्याहि पलीकडची आहे.

एवढ्यावरून संगमाची गोष्ट थोतांड ठरविणें मात्र उतावीळपणाचें होईल. संगम होतो; तो डोळ्यांना दिसत नाहीं, इतकेंच. बंगालच्या उपसागरांत गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी आणि कृष्णा या मोठमोठ्या नद्या गोडें पाणी ओतीत असतात, आणि त्यावर पाऊसहि विपुल पडतो. त्यामुळें त्याचें वरच्या थरांतील पाणी कमी खारट असतें. अरबी समुद्रास मिळणाऱ्या मोठ्या नद्या थोड्या. उलट कोरड्या वाऱ्यांनीं त्याच्या पाण्याची वाफ मात्र फार होते. म्हणून तो अधिक खारट. नैर्ऋत्येचा मोसमी वारा वाहूं लागला म्हणजे अरबी समुद्राचें पाणी भारत व श्रीलंका यांच्या दक्षिणेनें पूर्वेकडे ओढलें जातें. हिंवाळ्यांत ईशान्येचे वारे सुरू झाले कीं हाच प्रवाह उलट फिरतो, आणि उपसागराकडचें कमी खारट पाणी या टोंकाला वळसा घालून केरळच्या किनाऱ्यानें उत्तरेकडे चढूं लागतें. त्र्यंबकेश्वरापासून अरबी समुद्र कितीसा दूर ! तरी तेथें उगम पावलेली गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवून सारें पठार ओलांडते आणि उपसागरास मिळते. आणि तिच्या पाण्याचा कांहीं अंश या प्रवाहाबरोबर देशाला प्रदक्षिणा घालून पुनः पश्चिम समुद्रांत येत असला पाहिजे. कन्याकुमारीचा संगम हा असा आहे. एका रेघेवर तो शोधूं गेल्यास सांपडणार नाहीं. वर्षांतून दोन वेळां होणारी ती एक देवघेव आहे.

पाण्यावर रेघ ओढण्याचें काम निसर्गानें केलें नसलें तरी कायद्यानें केलें आहे. माशांच्या विणीच्या काळांत यांत्रिक नौकांना समुद्रांत जाण्यास बंदी असते. तमिळनाडूच्या पूर्व किनाऱ्यावर ही बंदी १५ एप्रिलपासून १४ जूनपर्यंत, आणि पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत. कन्याकुमारी जिल्हा एकच, पण त्याला किनारे दोन. त्यामुळें मे महिन्यांत देवळापासून जवळच असलेल्या चिन्नमुट्टम बंदरांत नौका बांधून ठेवलेल्या आढळतात, तर त्याच जिल्ह्यांतील कोलाचेलच्या नौका खुशाल जाळीं टाकीत असतात. जूनच्या मध्यानंतर प्रकार उलट. समुद्र एकच, मासे तेच, परंतु पंचांगें दोन. ज्यांचें पोट या पाण्यावर आहे त्यांना संगमाची रेघ कोठें आहे हें विचारावें लागत नाहीं.

देशाचें टोंक म्हणूनहि कन्याकुमारीची ओळख थोडी दुरुस्त करून घेणें इष्ट आहे. भारताच्या मुख्य भूमीचें दक्षिण टोंक येथें, सुमारें ८ उत्तर अक्षांशावर आहे, हें खरें. परंतु भारताचें अगदीं दक्षिणेकडील टोंक ग्रेट निकोबार बेटावरील इंदिरा पॉइंट हें होय, आणि तें पावणेसात अंशांच्या सुमारास आहे. २६ डिसेंबर १९०४ नव्हे, २००४ च्या भूकंपांत (ही तारीख पुढें पुनः येणार आहे) तेथील जमीन चार मीटरांहून अधिक खचली, आणि जमिनीवरचें दीपगृह पाण्यांत उभें राहिलें. आपल्या बोलण्यांतला ‘आसेतुहिमाचल’ हा शब्दहि कन्याकुमारीचा नव्हे. त्यांतला सेतु रामेश्वरचा. कन्याकुमारीचा मान मात्र त्यामुळें उणावत नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशांच्या मार्गदर्शक ग्रंथांत कोमारि या टोंकाचा उल्लेख असून, एका देवीच्या वास्तव्यामुळें ब्रह्मचर्यव्रती स्त्रीपुरुष तेथें स्नानास येत, असें त्यांत नमूद आहे. म्हणजे यात्रेकरूंची ही रांग निदान दोन हजार वर्षांची आहे.

ज्या सह्याद्रीच्या सावलींत मराठी माणूस वाढतो, त्याची दक्षिणेकडील शेंवटची टेंकडी कन्याकुमारीहून कांहीं मैलांवर आहे. तिचें नांव मरुंदुवाळ मलै, म्हणजे औषधींचा डोंगर. मारुति द्रोणागिरि घेऊन जात असतां त्याचा एक तुकडा येथें पडला, अशी कथा आहे. अशी कथा भारतांत अनेक डोंगरांबद्दल सांगतात. मारुतीनें एकूण किती सांडलें याचा हिशेब कोणी मांडलेला नाहीं. पण या डोंगराकडे पाहिल्यावांचून परत येऊं नये, कारण किनाऱ्यावरच्या वाळूचें रहस्य तेथें आहे.

वाळूची कथा स्थानिक लोक अशी सांगतात. देवीचा विवाह शुचींद्रमच्या शिवाशीं ठरला होता. मुहूर्त मध्यरात्रीचा. परंतु बाणासुराचा वध कुमारिकेच्याच हातून व्हावयाचा असल्यामुळें नारदानें वाटेंत कोंबड्याची बांग दिली. उजाडलें असें समजून वरपक्ष परतला, आणि लग्नाकरितां आणलेलें धान्य तसेंच पडून त्याची वाळू झाली. तांबडी, काळी, पिवळसर, तांदळाच्या कण्यांसारखी पांढरी, अशी ती वाळू पाहिली म्हणजे कथा रचणाऱ्याच्या निरीक्षणाचें कौतुक वाटतें. रसायनशास्त्रज्ञ तांबड्या कणांस गार्नेट, काळ्यांस इल्मेनाइट आणि पिवळसरांस मोनाझाइट म्हणतो. डोंगरांतले जुने खडक झिजतात, पावसानें त्यांचा भुगा समुद्रास मिळतो, आणि लाटा सुपानें पाखडावें तसा तो पाखडतात. हलके कण पाण्याबरोबर मागें जातात, जड कण किनाऱ्यावर राहतात. आपल्या बायका सूप हालवून जें करतात तेंच. फक्त सूप बरेंच मोठें.

१९०९ सालीं शोम्बर्ग नांवाच्या जर्मन रसायनज्ञानें या भागांतून परदेशीं गेलेल्या काथ्यास चिकटलेली वाळू तपासली, आणि तींत मोनाझाइट आढळला. त्या काळीं त्याला सोन्यासारखी किंमत येण्याचें कारण म्हणजे दिव्याची जाळी. गॅसच्या बत्तीला जी पांढरी रेशमी जाळी बांधतात, ती थोरियम या धातूच्या भस्मानें झगझगते, आणि थोरियम मोनाझाइटांतून निघतो. लग्नाच्या वरातींतून डोक्यावर बत्त्या घेऊन चालणाऱ्या माणसांना आपण समुद्राची वाळू जाळीत आहों याची कल्पना नसे. पुढें हाच थोरियम अणुशक्तीच्या दृष्टीनें महत्त्वाचा ठरला; कन्याकुमारीच्या वायव्येस मणवाळकुरिची येथें ही वाळू निवडण्याचा सरकारी कारखाना आहे. वाळू उचलली म्हणजे किनारा खचतो, आणि थोरियम किरणोत्सर्गी असल्यामुळें आरोग्याची धास्ती वाटते, म्हणून आसपासच्या गांवांचा उत्खननास विरोध होत आला आहे. देशाला धातु हवा आहे आणि कोळ्याला होडी ओढावयास किनारा हवा आहे. दोघांचीहि गरज खरी असल्यामुळें हा तंटा सोपा नाहीं.

सूर्याबद्दल दोन शब्द. येथें सूर्य समुद्रांतून उगवतो आणि समुद्रांतच मावळतो, असें सर्व मार्गदर्शक पुस्तकांत छापलेलें असतें. त्यांतील दुसरा अर्धा भाग ढोबळ मानानें ऑक्टोबर ते मार्च एवढ्यापुरताच खरा आहे. डिसेंबरांत सूर्य पश्चिमेच्या दक्षिणेस सुमारें २४ अंशांवर मावळतो, तेथें पाणीच पाणी. जूनमध्यें तो तितकाच उत्तरेस सरकतो, आणि पश्चिम किनारा वायव्येकडे वळलेला असल्यामुळें जमिनीआड जातो. मे महिन्याच्या सुटींत मुलाबाळांसह जाऊन निराश होणाऱ्यांनीं सूर्यास दोष देऊं नये. चैत्री पौर्णिमेस एकीकडे सूर्य मावळतांना दुसरीकडे चंद्र उगवतो, याचीहि मोठी ख्याति आहे. वस्तुतः प्रत्येक पौर्णिमेस चंद्र सूर्याच्या समोरच असतो. येथें दोघांनाहि पाण्याचें क्षितिज मिळतें, ही खरी मौज, आणि हिंवाळ्यांतल्या पौर्णिमांनाहि ती साधते. गांधीमंडपांत २ ऑक्टोबरला मध्यान्हीं छपराच्या छिद्रांतून सूर्यकिरण नेमका अस्थिकलश ठेवला होता त्या जागीं पडतो. गांधीजींच्या अस्थींचें येथें विसर्जन १२ फेब्रुवारी १९४८ रोजीं झालें. योजना सुंदर आहे; मात्र मार्चच्या दुसऱ्या आठवड्यांतहि मध्यान्हीं सूर्य तितक्याच उंचीवर येतो, हें चौकस विद्यार्थ्यानें ताडून पाहण्याजोगें आहे.

समोरच्या दोन खडकांविषयीं इतकें लिहिलें गेलें आहे कीं विस्ताराची गरज नाहीं. १८९२ च्या डिसेंबरांत स्वामी विवेकानंद ज्या खडकावर ध्यानस्थ बसले, त्यावरील स्मारकाचें उद्घाटन २ सप्टेंबर १९७० रोजीं झालें. प्रारंभीं खडकाच्या हक्कावरून गांवांत तेढ होती आणि सरकारची परवानगी मिळेना. तेव्हां अमरावती जिल्ह्यांत जन्मलेले एकनाथ रानडे यांनीं ३२३ संसद-सदस्यांच्या सह्या तीन दिवसांत मिळविल्या. शेजारच्या खडकावर तिरुवळ्ळुवरांचा १३३ फूट उंच पुतळा १ जानेवारी २००० पासून उभा आहे. त्यांच्या ‘तिरुक्कुरळ’ ग्रंथाचे अध्यायहि १३३. त्या ग्रंथाचें मराठी भाषांतर साने गुरुजींनीं केलें आहे. तें वाचून गेलेल्यास हा पुतळा केवळ उंच वाटणार नाहीं. दोन खडकांना जोडणारा कांचेचा पूल डिसेंबर २०२४ मध्यें खुला झाला. समुद्र खवळला म्हणजे होड्या बंद राहतात, यासाठीं एक दिवस हातचा राखून जावें.

तो राखून ठेवलेला दिवस फुकट जात नाहीं. देवळाकडून थोडें चालत गेलें कीं कोळ्यांची वस्ती लागते, आणि तिच्या मधोमध पांढऱ्या शिखरांचें मोठें देऊळ दिसतें. तें ख्रिस्ती मंदिर आहे. सोळाव्या शतकांत सेंट फ्रान्सिस झेवियर या किनाऱ्यावरील कोळ्यांमध्यें हिंडले. त्यांचा देह जुन्या गोव्यांत आहे हें सर्वांस ठाऊक आहेच. येथले लोक लांकडाचे ओंडके दोरांनीं बांधून त्यांवरून समुद्रांत जात. बांधणें म्हणजे कट्टु आणि लांकूड म्हणजे मरम्. इंग्रजीनें ‘कॅटॅमरॅन’ हा शब्द येथूनच उचलला. संध्याकाळीं प्रवासी ज्या समुद्राकडे देखावा म्हणून पाहतो, त्याच समुद्राकडे या वस्तींतील बायका निराळ्या नजरेनें पाहत असतात.

२६ डिसेंबर २००४ च्या सकाळीं सुमात्र्याजवळ समुद्राचा तळ हादरला आणि त्सुनामीची लाट या किनाऱ्यास आली. स्मारकाच्या खडकावर शेंकडों प्रवासी अडकून पडले. ते पुढें सुखरूप परत आले. मोठी हानि झाली ती कोलाचेलच्या बाजूस, म्हणजे भूकंपाकडे पाठ करून बसलेल्या किनाऱ्यास. अशी लाट सरळच जाते असें नाहीं. श्रीलंकेला आणि भूशिराला वळसा घालून, उथळ पाण्यांत वांकून, ती आडोशाच्या गांवांवरहि कोसळते. टोंकाच्या आड आपण सुरक्षित आहों असें ज्यांना वाटलें असेल, त्यांच्या घरांतील शेंकडों माणसें गेलीं.

नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी नांवाचें चक्रीवादळ याच टोंकाजवळून अरबी समुद्रांत शिरलें. खोल पाण्यांत मासेमारी करणाऱ्या नौका कित्येक दिवसांपूर्वींच निघून गेलेल्या होत्या. किनाऱ्यापासून इतक्या दूर त्यांच्या यंत्रांना सूचना पोंचूं शकत नव्हती. तमिळनाडू आणि केरळ मिळून शेंकडों कोळी मेले किंवा बेपत्ता झाले. कांहीं नौका वादळापुढें उत्तरेकडे पळत सुटल्या, आणि त्यांतील ६८ नौका सिंधुदुर्गांतील देवगडच्या बंदरांत आसऱ्यास आल्या. ६६ केरळच्या आणि दोन तमिळनाडूच्या. त्यांवर ९५२ माणसें होतीं.