नवा विषय, लहान मुले आणि चोरलेली झोप

डोकेदुखी, छातीत धडधड, आम्लपित्त, आखडलेली मान आणि विनाकारण चिडचिड. अशा तक्रारी घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांत अलीकडे प्राध्यापक मंडळी बरीच दिसतात. वय साधारण बत्तीस ते बेचाळीस. एक मूल बालवाडीत, दुसरे अजून कडेवर. थोडी चौकशी केली की कळते, की यांनी आपल्या संशोधनाचा विषय बदलला आहे. कोणी रसायनशास्त्रातून औषधशास्त्राकडे वळले आहे, कोणी गणितातून संगणकाकडे, तर कोणी वनस्पतिशास्त्रातून हवामानबदलाकडे. काहींना नव्या विषयाची ओढ लागलेली असते, तर काहींना जुन्या विषयात मार्गदर्शक किंवा अनुदान मिळेनासे झालेले असते. कारण काहीही असो, शरीर आपला हिशेब सारखाच मांडते. तो हिशेब कसा असतो, ते या आठवड्यात पाहू.

या वयात डोक्यात शिरते का?

यातले बहुतेक जण पहिला प्रश्न हाच विचारतात. पूर्वी असा समज होता, की मेंदूची घडण तारुण्यात पूर्ण होते आणि पुढे फक्त झीज होते. आता तसे मानले जात नाही. लंडनमधील टॅक्सीचालकांना परवाना मिळवण्यासाठी शहरातले सुमारे २५ हजार रस्ते तोंडपाठ करावे लागतात. त्यांच्या मेंदूची तपासणी करून २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले, की स्मरणशक्तीशी संबंधित हिपोकॅम्पस या भागाचा मागचा हिस्सा त्यांच्यात इतरांपेक्षा मोठा होता. पुढे २०११ साली, शिकाऊ चालकांपैकी जे परीक्षा उत्तीर्ण झाले त्यांच्यात हा भाग शिकण्याच्या काळातच वाढल्याचे दिसून आले. हे सर्व प्रौढ लोक होते.

वयाबरोबर शिकण्याचा वेग थोडा मंदावतो, हे खरे. पण साठलेले ज्ञान, शब्दसंपदा आणि दोन गोष्टींमधला संबंध ओळखण्याची हातोटी पुढेही बरीच वर्षे टिकते. म्हणून पस्तिशीत नवा विषय घेणाऱ्याने विशीतल्या विद्यार्थ्याशी पाठांतराची स्पर्धा करू नये. आपल्याजवळची शिदोरी वापरावी.

ज्यांनी विषय बदलला

वेंकटरामन रामकृष्णन यांचे उदाहरण या बाबतीत मोलाचे आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून ते १९७१ साली भौतिकशास्त्राचे पदवीधर झाले. १९७६ साली अमेरिकेत त्याच विषयात पीएच.डी. मिळवली. त्यानंतर त्यांनी काय करावे? घरात पत्नी आणि लहान मुले असताना ते जीवशास्त्र शिकण्यासाठी पुन्हा विद्यार्थी झाले. दोन वर्षे पहिल्यापासून धडे गिरवले. पेशीतील रायबोसोमच्या रचनेवरील कामासाठी त्यांना इतर दोघांबरोबर रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते २००९ साली. मध्ये ३३ वर्षे गेली.

आपल्याकडचे दामोदर धर्मानंद कोसंबी मूळचे गणिती. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते गणित शिकवत. प्राचीन आहत नाण्यांच्या वजनांना त्यांनी संख्याशास्त्र लावले आणि त्या वाटेने ते इतिहासात शिरले. १९५६ साली त्यांचा भारतीय इतिहासावरील प्रसिद्ध ग्रंथ आला. नव्या विषयात जाताना त्यांनी गणित टाकून दिले नाही, ते सोबत नेले. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मात्र अशा थोरांच्या गोष्टी सांगताना एक प्रश्न आपण सहसा विचारत नाही. ते वाचत बसलेले असताना घर कोण चालवत होते? माझ्या दवाखान्यातला निम्मा आजार या प्रश्नाच्या उत्तरात असतो.

कच्ची वही आणि खतावणी

आता झोपेकडे येऊ. दुकानदार दिवसभराचे व्यवहार कच्च्या वहीत टिपतो आणि रात्री निवांतपणे त्यांची खतावणी करतो. मेंदूचेही असेच चालते. दिवसा शिकलेले आधी हिपोकॅम्पसमध्ये तात्पुरते नोंदले जाते. रात्री गाढ झोपेत त्या नोंदी पुन्हा उजळल्या जातात आणि हळूहळू मेंदूच्या बाह्य भागात कायमच्या साठवल्या जातात. झोपच झाली नाही, तर खतावणी होत नाही. दुसऱ्या दिवशी कच्ची वही भरलेलीच असते आणि नव्या नोंदीला जागा नसते. ‘तेच पान चार वेळा वाचले तरी लक्षात राहत नाही’ ही तक्रार बहुधा इथून येते. तो बुद्धीचा दोष नसतो.

झोपेची आवर्तने साधारण दीड-दीड तासाची असतात. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते, पहाटेकडे स्वप्नांची झोप वाढते. मन शांत राहण्यासाठी ही दुसरी झोपही लागते. उशिरा झोपून पहाटे गजर लावणारा माणूस तीच कापतो. म्हणून तो सकाळी मुलाने दूध सांडले की नको इतका ओरडतो, आणि मग दिवसभर त्याचे त्यालाच वाईट वाटत राहते.

प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी. सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची चपळाई रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी खालावते, असे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे पहाटे पाचला उठून रात्री दहाला पुस्तक उघडणारी व्यक्ती ज्या अवस्थेत असते, त्या अवस्थेत आपण तिला स्कूटरही चालवू देऊ नये. मग अवघड शास्त्र कसे शिकू द्यायचे?

एका घरातली गोष्ट

ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून एक उदाहरण सांगतो. एक प्राध्यापिका आल्या. अकरा वर्षे रसायनशास्त्र शिकवल्यावर त्यांनी जैवमाहितीशास्त्रात संशोधन सुरू केले होते. त्यासाठी संगणकाची भाषा मुळापासून शिकायची होती. मुले सहा आणि दोन वर्षांची. पहाटे साडेचारला उठणे, डबे, कॉलेज, परत येऊन गृहपाठ, स्वयंपाक. मुले झोपली की दहानंतर अभ्यास, तो एक वाजेपर्यंत. झोप साडेतीन तास, त्यातही धाकटा दोनदा उठवायचा. त्यांनी माझ्याकडे मागितले ते असे: ‘डॉक्टर, झोप कमी लागेल असे काही औषध द्या.’

असे औषध मी देत नाही. तपासले तेव्हा नाडी जलद होती, डोळ्यांच्या पापण्या आतून फिक्या होत्या. रक्तात हिमोग्लोबिन ८.४ निघाले. पाळीच्या वेळी रक्तस्राव जास्त होत असे, पण ‘त्यात काय सांगायचे’ म्हणून त्यांनी ते कुणाला सांगितलेच नव्हते. पीएच.डी.ची नोंदणी रद्द करण्याचा अर्ज त्यांनी लिहून पर्समध्ये ठेवला होता.

पुढच्या वेळी मी त्यांच्या यजमानांना आणि सासूबाईंना सोबत बोलावले. यजमान सज्जन गृहस्थ. म्हणाले, ‘डॉक्टर, मी हिला कधीच अडवले नाही.’ मी म्हटले, ‘साहेब, न अडवणे वेगळे आणि ओझ्याला हात लावणे वेगळे.’ ते काही वेळ गप्प बसले. मग सासूबाईच म्हणाल्या, ‘धाकट्याला रात्री माझ्याजवळ झोपवू. तो रडला तर मी आहे.’ सकाळचे डबे आणि मोठ्याला शाळेच्या रिक्षात बसवणे यजमानांनी घेतले. बाईंनी रात्री दहाला झोपायचे आणि पहाटे पाच ते साडेसहा दार लावून अभ्यास करायचा, असे ठरले. लोहाच्या गोळ्या आणि रक्तस्रावावर उपचार सुरू केले.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११ च्या वर गेले, धडधड थांबली. अभ्यासाचे तास आधीपेक्षा निम्मे झाले होते, तरी वाचलेले लक्षात राहू लागले. संशोधन अजून पूर्ण झालेले नाही. मूल तापले की आठवडा वाया जातोच. पण तो अर्ज त्यांनी दिला नाही.

थकवा म्हणजे नुसते टेन्शन नव्हे

या प्रकरणात धडा आहे तो डॉक्टरांसाठीही आणि रुग्णांसाठीही. कामाचा ताण दिसला की सगळे त्याच्याच माथी मारले जाते. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे. थायरॉईडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मधुमेह, वाढलेला रक्तदाब यांनीही थकवा येतो, विसराळूपणा येतो. चाळिशीच्या आसपास जवळचे अंधुक दिसू लागते आणि डोके दुखते. अशा वेळी चष्म्याचा नंबर तपासला की निम्मे काम होते. म्हणून तीन-चार आठवडे थकवा टिकला, तर रक्त, रक्तदाब आणि डोळे तपासून घ्यावेत.

काय करावे?

१. अवघड वाचन दिवसाच्या ताज्या वेळेत करावे. रोज एक ते दीड तास अखंड मिळाला, तरी तो रात्रीच्या तीन पेंगुळलेल्या तासांपेक्षा बरा. संदर्भ लावणे, टंकलेखन ही कामे तुकड्या-तुकड्याने होतात.

२. दुपारी चारनंतर चहा-कॉफी टाळावी. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे सुमारे पाच तासांनंतरही शरीरात असते.

३. दर वीस मिनिटांनी पडद्यावरून नजर काढून वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे. तासाभराने उठून चार पावले चालावे.

४. मूल रात्री उठत असेल, तर आई-वडिलांनी पाळ्या वाटून घ्याव्यात. दोघांनी अर्धवट जागण्यापेक्षा एका रात्री एकाने जागावे, दुसऱ्याने पूर्ण झोपावे.

५. मुदतीची भीती नियम वाचून कमी करावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी कमाल सहा वर्षे असतात, पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात, आणि महिलांना त्यावर दोन वर्षांची सवलत मिळू शकते. या काळात महिलांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजेचीही तरतूद आहे. ही दया नव्हे, हक्क आहे. तो आरोग्यासाठी वापरावा.

६. आपल्याच क्षेत्रातल्या एखाद्या अनुभवी व्यक्तीला ‘मला हे कळत नाही’ असे मोकळेपणाने विचारावे. कॉलेजात वरिष्ठ आणि नव्या विषयात नवशिके, या दोन भूमिका एकाच दिवसात निभावताना मन फार दमते. ते दमणे लपवल्याने वाढते.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटणे, कशातच गोडी न वाटणे, सारखे रडू येणे, जगण्याचा कंटाळा येणे, ही लक्षणे मात्र झोपेच्या वेळापत्रकावर सोडू नयेत. ताबडतोब डॉक्टरांना भेटावे. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

शेवटी दोन शब्द घरच्यांसाठी. आपल्या घरात कोणी अशी नवी वाट धरली असेल, तर तिला किंवा त्याला ‘एवढे कशाला मनाला लावून घेतेस’ असे सांगून काही उपयोग होत नाही. त्यापेक्षा आज रात्री धाकट्याला आपल्याजवळ घ्या आणि दिवा मालवा.