पत्ते वाटणार कोण? (इंटरनेटच्या तळघरात : लेखांक ६)

३ फेब्रुवारी २०११ या दिवशी इंटरनेटच्या पत्त्यांची कोठी रिकामी झाली. ती सांभाळणाऱ्या ‘आयाना’ने उरलेले शेवटचे पाच गठ्ठे जगातल्या पाच विभागीय नोंदणी संस्थांना एकेक देऊन टाकले. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे सगळे मिळून जेमतेम ४२९ कोटी. १९८१ साली त्याचं मानक निघालं, तेव्हा एवढे पत्ते कोण वापरणार, असाच हिशेब होता.

वाटपही सढळ हातानं झालं. अमेरिकेतल्या एमआयटीला १८ने सुरू होणारे सगळे पत्ते मिळाले, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून जास्त. फोर्ड मोटर कंपनीला १९चे. इनामदारीच ती! २०११मध्ये दिवाळखोर नॉर्टेलकडून मायक्रोसॉफ्टने ६,६६,६२४ पत्ते ७५ लाख डॉलरला घेतले. २०१७मध्ये एमआयटीनेही आपले निम्मे पत्ते विकायला काढले.

उतारा मात्र १९९५ सालीच कागदावर आला होता : १२८ बिटांचा आयपीव्ही६. तो दिसतो कसा, ते गूगलच्या सार्वजनिक डीएनएसवरून (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेवरून) पाहू. त्याचा जुना पत्ता ८.८.८.८, नवा २००१:४८६०:४८६०::८८८८. खरं तर इथे चार-चार अंकांचे आठ गट हवेत. मधले चार गट नुसत्या शून्यांचे, म्हणून ते गाळून दोन अपूर्णविराम जोडून लिहिले. ही सवलत एका पत्त्यात एकदाच. दोनदा घेतली तर कुठे किती शून्यं गाळली ते कळणारच नाही. (अंकही दहा नव्हे, सोळा असतात; नवानंतर ए ते एफ.)

हा पत्ता डावीकडून वाचला की वाटपाची उतरंड उलगडते. २००१:४८००पासूनचा पट्टा आयानाने उत्तर अमेरिकेच्या ‘एरिन’ला दिला, एरिनने त्यातला २००१:४८६० हा तुकडा गूगलच्या नावे केला, पुढचे आकडे गूगलने आपल्या सोयीने लावले. आपल्याकडे मधली पायरी ब्रिस्बेनच्या ‘एपनिक’ची. २०१२पासून भारतीय कंपन्यांना ‘इरिन’ या देशी नोंदणी संस्थेकडूनही पत्ते मिळतात. जिओच्या सिमवर चालणाऱ्या फोनचा पत्ता पाहिलात तर बहुधा २४०९:४ अशी सुरुवात दिसेल. ती कंपनीची खूण.

मोबाइल कंपनी फोनला सहसा फक्त डावे ६४ बिट देते. उजवे ६४ फोननेच ठरवायचे. म्हणजे एकेका फोनच्या हाती ४२९ कोटी गुणिले ४२९ कोटी पत्ते!

या उजव्या अर्ध्यानेच सुरुवातीला घोटाळा केला. नेटवर्क कार्डावरचा कायमचा क्रमांक त्यात बेमालूम बसवला जाई. त्यामुळे लॅपटॉप घरून जोडा की विमानतळावरून, शेपूट तेच, आणि मालकाचा माग काढणं सोपं. २००१मध्ये त्यावर तोड निघाली : शेपूट यादृच्छिक घ्यायचं आणि ठरावीक काळाने बदलायचं. आजचे बहुतेक फोन आणि संगणक तेच करतात. डावा अर्धा भाग मात्र उघडाच राहतो. सेवा कोणत्या कंपनीची, हे संकेतस्थळाला त्यावरून कळतंच.

(पुढील लेखांकात : नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस यंत्रणा)