पगाराची किल्ली कोणाच्या हातीं?

पगार हातीं आला कीं त्यावर पहिला हक्क घराचा, ही आपल्या कुटुंबांतील फार जुनी समजूत आहे. देहूरोडच्या लष्करी भांडारांत काम करणारा असो, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत यंत्रापाशीं उभा राहणारा असो किंवा चाकणच्या औद्योगिक वसाहतींत कंत्राटावर लागलेला तरुण असो, महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत घरभाडें, वाण्याची उधारी, मुलांची फी आणि वडीलधाऱ्यांचीं औषधें हीं त्याच्या पगाराची वाट पाहत असतात. अलीकडे मात्र या रांगेंत एक नवा गृहस्थ सर्वांच्या पुढें येऊन उभा राहिला आहे. पगार जमा झाल्याचा संदेश मोबाइलवर येतो आणि तो वाचून होण्यापूर्वींच रक्कम वजा झाल्याचे दोन-तीन संदेश त्याच्या पाठोपाठ येतात. सावकार दारीं आलेला नसतो, तरी त्यानें आपला हिस्सा उचलून नेलेला असतो.

हें कसें घडतें, आणि थांबवावयाचें झाल्यास कायद्यास धरून कसें थांबवावें, याचा विचार आम्ही येथें करणार आहों. ज्या घरांत तीन भाऊ, त्यांचीं बायका-मुलें आणि आईवडील एका चुलीवर जेवतात, तेथें एकाचा पगार अडला तर त्याची झळ सर्वांसच लागते. म्हणून हा विषय एकट्या कर्जदाराचा नव्हे.

पुढच्या पगारापर्यंतचें लहानसें कर्ज मोबाइलवरील ॲपमधून आतां घटकाभरांत मिळतें. समजा, दहा हजारांचें कर्ज पंधरा दिवसांकरितां घेतलें. निरनिराळ्या आकारांचे अठराशें रुपये आधींच कापून हातांत आठ हजार दोनशें पडले, आणि पंधराव्या दिवशीं पुरे दहा हजार भरावयाचे ठरले. ऐकतांना अठराशें ही रक्कम फारशी वाटत नाहीं. पण वर्षाच्या हिशेबानें मांडल्यास हा दर दरसाल दरशेंकडा सुमारें ५३४ रुपये पडतो! जुन्या काळच्या कडक सावकारासही हा आंकडा ऐकून घाम फुटला असता.

खरी मेख व्याजाहूनही दुसरीकडेच आहे. कर्जाच्या अर्जाबरोबर कर्जदाराकडून एक कायमची मंजुरी घेतली जाते. बँकेच्या भाषेंत तिला मँडेट म्हणतात. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या ‘नॅच’ या यंत्रणेंतून ती बँकेकडे नोंदविली जाते, आणि ठरलेल्या तारखेस सावकारी कंपनीच्या मागणीवरून रक्कम परस्पर वळती होते. डेबिट कार्ड, नेट बँकिंग किंवा आधार यांच्या साहाय्यानें ही संमति दोन मिनिटांत दिली जाते. तींतील कमाल रक्कम हप्त्याहून मोठी असूं शकते आणि मुदतही कर्जाच्या मुदतीहून लांब असूं शकते. घाईंत तें कोणी वाचीत नाहीं. १ ऑगस्ट २०२१ पासून ही यंत्रणा रविवारीं व सुटीच्या दिवशींही चालते. खात्यांत पुरेशी शिल्लक नसेल तर मागणी परत जाते. पण बँकेचा दंड व कंपनीचा दंड असे दोन्ही आकार कर्जदाराच्या माथीं बसतात, आणि कांहीं दिवसांनीं तीच मागणी पुन्हां येऊं शकते.

आतां एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. सावकारानें दिवाणी न्यायालयांत दावा लावून हुकूमनामा मिळविला, तरी नोकराचा सगळा पगार त्याला जप्त करतां येत नाहीं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमाप्रमाणें पोटगीचा हुकूमनामा सोडून इतर देण्यासाठीं पगारांतील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश जप्तींतून मुक्त आहेत. देहूरोडच्या छावणींतील सैनिकांस तर हें विशेष लागू आहे, कारण सैन्य कायद्याखालीं येणाऱ्यांचे वेतन व भत्ते मुळींच जप्त करतां येत नाहींत. मालकानें पगारांतून करावयाच्या कपातीसही मर्यादा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आलेल्या वेतन संहितेनें ती वेतनाच्या निम्म्यापर्यंत ठेविली आहे. म्हणजे न्यायाधीशास व मालकास कायद्यानें जेथें थांबविलें, तेथें मोबाइलवरील एका संमतीनें आपण सावकारास आंत घेतों. पगार खात्यांत पडला कीं त्यांतील किती घरासाठीं ठेवावा, हें ती मंजुरी विचारीत नाहीं.

पुणें जिल्ह्यास सावकारीचा हा प्रश्न नवा नाहीं. १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं घरें गांठलीं आणि त्यांच्याजवळचीं कर्जखतें आगींत टाकलीं. त्या दंग्याची चौकशी होऊन १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांस साहाय्य देणारा कायदा झाला. न्यायालयानें केवळ खतावरील आंकडा न पाहतां देण्याघेण्याचा मागील सर्व हिशेब तपासावा, हें त्या कायद्याचें एक मोठें अंग होतें. खत जाळल्यानें जें साधलें नसतें, तें हिशेब मागण्याच्या हक्कानें कांहीं अंशीं साधलें.

दुसरी गोष्ट देहूरोडच्या अगदीं शेजारची आहे. तुकोबांच्या घरीं महाजनकी व सावकारी होती. दुष्काळानंतर त्यांनीं कर्जखतें इंद्रायणींत बुडविलीं. परंतु धाकटे बंधु कान्होबा यांच्या वांट्याचीं खतें आधीं वेगळीं करून दिलीं, असें परंपरा सांगते. खत बुडविण्याचें हें औदार्य धनको करूं शकतो, ऋणको नव्हे. घेतलेलें मुद्दल फेडावेंच लागतें. परंतु देणें कबूल असणें आणि आपल्या तिजोरीची किल्ली धनकोच्या हातीं देणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किल्ली परत घेतां येते. आमच्या सर्व विवेचनाचें सार या एका वाक्यांत आहे.

व्याज मुद्दलाहून अधिक होऊं नये, हा दामदुपटीचा नियम आपल्या धर्मशास्त्रांत जुना आहे, आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यानेंही तो राखला आहे. पण १० मे २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तीय कंपन्यांस राज्यांचे सावकारी कायदे लागत नाहींत. त्यामुळें ॲपमागें अशी कंपनी असल्यास दामदुपटीची ढाल तेथें चालत नाहीं. आश्चर्य असें कीं, ब्रिटननें असल्याच पगारी कर्जांवर २ जानेवारी २०१५ पासून जी मर्यादा घातली, तींत व्याज व सर्व आकार मिळून मुद्दलाहून अधिक होतां कामा नयेत, असें म्हटलें आहे, म्हणजे दामदुपटच! खात्यांतून रक्कम ओढण्याचे दोन प्रयत्न फुकट गेल्यास सावकारानें तिसरा करूं नये, असाही नियम तेथें २०१४ च्या जुलैपासून झाला.

आपल्याकडेही कांहीं बंदोबस्त झाला आहे. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासगटास २०२१ च्या पहिल्या दोन महिन्यांत सुमारें ११०० कर्ज-ॲप आढळले, आणि त्यांपैकीं सुमारें ६०० बेकायदेशीर होते. त्यानंतर २ सप्टेंबर २०२२ रोजीं नियम निघाले आणि ८ मे २०२५ रोजीं ते अधिक विस्तारानें पुन्हां मांडले गेले. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यांत यावी, परतफेड थेट कंपनीच्या खात्यांत जावी, एकूण वार्षिक खर्चाचें पत्रक आधीं द्यावें, आणि मोबाइलमधील नांवांची यादी, छायाचित्रें यांस हात लावूं नये, हे त्यांतील मुख्य दंडक होत. कर्ज नको वाटल्यास ठरलेल्या अवधींत, म्हणजे निदान एका दिवसांत, मुद्दल व तेवढ्या दिवसांचा आकार देऊन दंडावांचून मोकळें होतां येतें. अधिकृत ॲपची यादीही १ जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. नांव त्या यादींत नसेल तर त्या वाटेस जाऊं नये.

आतां प्रत्यक्ष काय करावें तें सांगतों. प्रथम खात्याचा उतारा काढून रक्कम कोणत्या वाटेनें जाते तें ओळखावें. नोंदीपुढें ‘एसीएच’ किंवा ‘नॅच’ असें असेल तर ती बँकेकडील मँडेट आहे. नेट बँकिंगमध्यें किंवा शाखेंत तिचा नोंदणी-क्रमांक मिळतो. यूपीआयमधून जात असेल तर त्या ॲपच्या ‘ऑटोपे’ या सदरांत यादी दिसते. कार्डावरून जात असेल तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे ती मंजुरी रद्द करण्याची सोय असते. एकाच कर्जासाठीं दोन वाटांनीं मंजुरी दिलेली असूं शकते, म्हणून तिन्ही पाहाव्यात.

दुसरें, कंपनीच्या तक्रार-निवारण अधिकाऱ्यास लेखी कळवावें. कर्जाचा संपूर्ण हिशेब मागावा, अमुक तारखेपासून खात्यांतून परस्पर वसुलीस आपली संमति नाहीं असें स्पष्ट लिहावें, आणि त्याच पत्रांत आपण किती रक्कम कोणत्या तारखांस कशी भरणार तेंही लिहावें. फोनवरील बोलण्याचा पुढें उपयोग होत नाहीं.

तिसरें, बँकेच्या शाखेंत अर्ज द्यावा. त्यांत मँडेटचा क्रमांक, कंपनीचें नांव व रक्कम लिहून ती मंजुरी मागें घेत असल्याचें कळवावें आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. ‘आधीं कंपनीचें ना-हरकत पत्र आणा’ असें कोणी सांगितल्यास गडबडूं नये. चेकचें पेमेंट थांबविण्याचा हक्क जसा खातेदाराचा, तसाच हा आहे. मागणीची फाईल हप्त्याच्या आधींच निघते, म्हणून अर्ज शेवटच्या दिवशीं न देतां निदान आठवडाभर अगोदर द्यावा. पुढील महिन्याचा उतारा पाहिल्यावांचून काम संपलें असें समजूं नये.

एवढें करूनही रक्कम गेली तर बँकेकडे त्याच दिवशीं लेखी तक्रार करावी. आपण कधींच न दिलेल्या मंजुरीवर पैसे गेले असतील, तर विलंब मुळींच करूं नये. अशा व्यवहारांत तीन कामकाजी दिवसांच्या आंत कळविणाऱ्या ग्राहकास संरक्षण देण्याचें तत्त्व रिझर्व्ह बँकेनें ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानें घालून दिलें. तीस दिवसांत दाद लागली नाहीं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करतां येते. चौकशीसाठीं १४४४८ हा क्रमांक आहे. बेकायदेशीर ॲपवाल्यांच्या धमक्या किंवा फसवणूक असेल तर १९३० या क्रमांकावर सायबर पोलिसांस कळवावें.

येथें दोन इशारे दिल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. मंजुरी रद्द झाली म्हणजे कर्ज रद्द झालें नव्हे. व्याज चालूं राहतें, थकबाकीची नोंद पत-अहवालांत जाते, आणि मंजुरी काढून घेणें हाच करारभंग असें पुष्कळ करारांत लिहिलेलें असतें. म्हणून दुसऱ्या वाटेनें भरणा सुरू ठेवून प्रत्येक पावती जपावी. दुसरा इशारा असा कीं, मंजुरी तशीच ठेवून नुसतें खातें रिकामें करण्याची युक्ति कोणी शिकविल्यास ऐकूं नये. शिलकेअभावीं अशी मागणी परत जाणें हा २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या २५ व्या कलमाखालीं, नोटिशीनंतर पंधरा दिवसांत रक्कम न भरल्यास, चेक न वटण्यासारखाच गुन्हा आहे; दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊं शकतो. शिवाय ज्या बँकेंत पगार जमा होतो तिचेंच कर्ज असेल, तर बँकेस स्वतःचा वळतेपणाचा हक्क सांगतां येतो; तेथें मँडेटचा अर्ज पुरत नाहीं, व्यवस्थापकाशीं हप्त्यांचें बोलणेंच करावें लागतें.

आतां घरांतील वडीलधाऱ्यांस दोन शब्द. असलें कर्ज बहुधा चैनीपेक्षां लाजेपोटीं घेतलें जातें. पुतण्यास काकांपुढें पांच हजार मागण्याचा संकोच वाटतो. सुनेस माहेरच्या आजारपणासाठीं सासूबाईंपाशीं तोंड उघडवत नाहीं. अनोळखी ॲपपुढें मात्र मान खालीं घालावी लागत नाहीं. मग एक कर्ज फेडण्यासाठीं दुसरें, दुसऱ्यासाठीं तिसरें, असें होतां होतां पगाराच्या दिवशीं खातें रितें होतें आणि गोष्ट उघडकीस येते. त्या दिवशीं घरांत दोषारोपांची सभा भरविण्यापेक्षां वडील माणसानें वही घेऊन बसावें, प्रत्येक कर्जाचें मुद्दल, दर व मंजुरी यांची यादी करावी, आणि सर्वांत महाग तें आधीं या क्रमानें फेडीस लागावें. नोकरीच्या ठिकाणीं सेवकांची सहकारी पतसंस्था असल्यास तिच्या कर्जानें हीं महाग कर्जें एकदांच मिटविणें पुष्कळदां स्वस्त पडतें. घरांतल्या घरांत उसने द्यावयाचे तर तेही वहींत लिहून द्यावेत; त्यानें माया कमी होत नाहीं आणि पुढचे गैरसमज टळतात.

दर तीन महिन्यांनीं घरांतील प्रत्येक मिळवत्या माणसानें आपल्या खात्यावरील मंजुऱ्यांची यादी एकदां डोळ्यांखालून घालावी, अशी आमची सूचना आहे. विम्याचा हप्ता, विजेचें बिल यांसारख्या उपयोगी मंजुऱ्या सुखेनैव ठेवाव्यात. संपलेल्या कर्जांच्या व विसरलेल्या वर्गण्यांच्या मंजुऱ्या रद्द कराव्यात. कर्ज प्रामाणिकपणें फेडणारा गृहस्थ कोणापुढेंही ओशाळा नसतो. पण कोणास किती व कधीं द्यावयाचें, हें आधीं घरांतील चूल पाहून ठरविण्याचा अधिकार त्यानें आपल्याच हातीं ठेवावा.