भूमिपरीक्षा : इसार देण्यापूर्वीं

'घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून' ही म्हण आपल्याकडे लहानथोरांच्या तोंडीं आहे. लग्नापूर्वीं आपण उभय पक्षांचें कुळ, शिक्षण, प्रकृति व पत्रिका यांची बारकाईनें चौकशी करतों. घर ज्या जमिनीवर उभें राहावयाचें तिच्याविषयीं मात्र बहुधा दोनच प्रश्न विचारले जातात : भाव काय, आणि स्टेशनापासून अंतर किती? फार झालें तर दिशा पाहतात व मुहूर्त काढतात. आयुष्यभराची शिल्लक, सेवानिवृत्तीच्या वेळीं हातीं आलेली निर्वाहनिधीची रक्कम आणि वर बँकेचें कर्ज, एवढें सारें ज्या मातीवर ठेवावयाचें, ती माती कोणत्या जातीची हें विचारण्याचें फारसें कोणास सुचत नाहीं.

आपल्या पूर्वजांस तें सुचलें होतें. आश्वलायन गृह्यसूत्रांत वास्तुपरीक्षेचा स्पष्ट विधि दिला आहे. गुडघाभर खोल खड्डा खणावा व निघालेल्या मातीनेंच तो पुन्हां भरावा. माती उरली तर भूमि प्रशस्त, बरोबर पुरली तर मध्यम, कमी पडली तर निंद्य. दुसरी परीक्षा पाण्याची. सूर्यास्त झाल्यावर खड्डा पाण्यानें भरून रात्रभर ठेवावा. सकाळीं पाणी शिल्लक असेल तर उत्तम, नुसती ओल असेल तर मध्यम, कोरडा पडला असेल तर ती जागा त्याज्य. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतही हाच खड्डा भेटतो. तेथें पाणी भरून शंभर पावलें जाऊन परत यावें व पाणी उणें झालें कीं काय तें पाहावें, असें सांगितलें आहे. यामागील तर्क सरळ दिसतो. घट्ट बसलेली माती उकरली कीं मोकळी होते व पुन्हां खड्ड्यांत मावत नाहीं. मूळचीच भुसभुशीत असेल तर ती दबून कमी पडते. पाणी झरझर नाहींसें झालें तर खालीं पोकळ थर असण्याचा संभव.

परंतु हीच परीक्षा दख्खनच्या काळ्या मातीस लावून पाहा. तिचीं टणक ढेकळें खड्ड्यांत मावावयाचीं नाहींत, आणि एकदां भिजून भेगा मिटल्या म्हणजे ती पाणीही खालीं जाऊं द्यावयाची नाहीं. दोन्ही विषयांत पहिल्या वर्गांत उत्तीर्ण! आणि घराच्या पायाला तिच्याइतकी दगलबाज भूमि क्वचितच सांपडेल.

याचें कारण तिच्या घडणींत आहे. आपल्याकडील काळी माती बहुतांशीं बेसाल्ट खडक झिजून झालेली असून तींत मॉण्टमोरिलोनाइट नांवाचें खनिज असतें. त्याच्या सूक्ष्म पापुद्र्यांमध्यें पाणी शिरलें कीं तें फुगतें व सुकलें कीं आकसतें. वैशाखांत ज्या भेगांत हात जातो त्याच भेगा श्रावणांत दिसेनाशा होतात. ही हालचाल सर्वत्र सारखी होत नाहीं. बाहेरील भिंतीजवळची माती अधिक भिजते व अधिक वाळते. मधल्या खोलीखालची तेवढी नाहीं. त्यामुळें एक भाग उचलतो, दुसरा खचतो आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग निघते. गिलावा करून ती बुजवावी, तों पुढील वर्षीं पुन्हां हजर! हलक्या एकमजली घरास हा उपद्रव अधिक. कारण फुगणाऱ्या मातीस दाबून धरण्याइतकें त्याचें ओझें नसतें.

मग काळ्या मातीची जागा घेऊंच नये काय? तसें नाहीं. खालीं मुरूम किती खोल आहे एवढें आधीं कळलें पाहिजे. तो तीनचार फुटांवर असेल तर वरची माती काढून पाया मुरमांत नेतां येतो. थर फार खोल असेल तर बुडाशीं कंदासारखा फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब जमिनींत उतरवितात. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनें या पद्धतीवर पुष्कळ काम केलें आहे. सुमारे साडेतीन मीटरांखालीं ऋतुमानाप्रमाणें होणारा ओलाव्याचा फेरफार जवळजवळ थांबतो, हें त्यांतील रहस्य. मात्र असा पाया खर्चाचा असतो. तो खर्च जमिनीच्या किमतींत मिळवावा आणि मगच ती स्वस्त कीं महाग हें ठरवावें.

आजची भूमिपरीक्षा म्हणजे त्या जुन्या खड्ड्याचाच विस्तार होय. फुगवट्याची चांचणी तर शाळेच्या प्रयोगशाळेंतही समजावून देतां येईल. वाळवून चाळलेली माती १०-१० ग्रॅम घेऊन १०० मिलिलिटरच्या दोन मापनळ्यांत टाकतात; एकींत शुद्ध पाणी, दुसरींत रॉकेल. रॉकेलांत माती फुगत नाहीं. २४ तासांनंतर पाण्यांतील माती रॉकेलांतील मातीच्या दीडपटीहून अधिक भरली, तर सावध व्हावें. जमिनीचा घट्टपणा मोजण्यासाठीं विंधणांत नळी बसवून तिच्यावर ६३.५ किलोग्रॅमचा हातोडा ७५ सेंटिमीटर उंचीवरून पाडतात. पहिले १५ सेंटिमीटर सोडून पुढील ३० सेंटिमीटर आंत जाण्यास किती ठोके लागले, यावरून अभियंता भूमीची धारणशक्ति अजमावितो. एकाच कोपऱ्यांत विंधण घेऊन भागत नाहीं. कारण शेजारच्या कोपऱ्यांत बुजविलेली विहीर, जुनी खाण किंवा भराव घातलेला ओढा निघूं शकतो.

प्रयोगशाळेबाहेरही पुष्कळ कळतें. जागा एकदां उन्हाळ्यांत व एकदां भर पावसाळ्यांत पाहावी. शेजाऱ्यांच्या भिंती न्याहाळाव्या, विहिरींचें पाणी श्रावणांत कोठवर चढतें तें विचारावें. घरांतील स्त्रियांस हें अचूक ठाऊक असतें. नदीकांठीं पूररेषेचा नकाशा पाहावा. निळी रेषा सरासरीनें २५ वर्षांतून एकदां व तांबडी १०० वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची असते. सांगली-कोल्हापुरांत २०१९ सालीं आणि पुन्हां २०२१ सालीं जें पाणी शिरलें, तें पाहिलेल्यांस या रेषांचें महत्त्व सांगावयास नको. डोंगरउतारावर तर अधिकच दक्षता हवी. ३० जुलै २०१४ रोजीं माळीण गांवावर डोंगर कोसळून दीडशेंहून अधिक माणसें गेलीं. सातबारा, मोजणीचा नकाशा व बिनशेतीचा आदेश वकिलाकडून तपासून घ्यावा हें बहुतेकांस माहीत असतें. पण निर्दोष कागद म्हणजे निर्दोष माती नव्हे.

हें सर्व इसारापूर्वीं व्हावें. विकणारा थांबावयास तयार नसेल, तर परीक्षेचा निकाल प्रतिकूल आल्यास इसार परत मिळेल अशी अट करारांत घालावी. तो खड्डाच खणूं देत नसेल, तर दुसरी जागा पाहावी. पत्रिका जुळविण्यास आपण महिना घालवितों; मातीस आठपंधरा दिवस देण्यास हरकत नसावी. सुज्ञांस अधिक सांगणें नलगे.