सेवेआधीची वर्षे : भाग ६ – अरण्यात हाताशी काय होतं?

गेल्या आठवड्यात आपण यार्देनच्या काठाशी थांबलो. येशू पाण्यातून वर आला, स्वर्गातून वाणी झाली. आता काम सुरू व्हावं, असं आपल्याला वाटतं. पण त्याला आधी अरण्यात जावं लागतं, आणि तिथे नेणारा सैतान नाही, पवित्र आत्मा आहे. मार्कने वापरलेला शब्द तर हाकलण्याच्या जवळ जाणारा आहे.

अरण्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झाडी आणि सावली येते. मृत समुद्राकडे उतरत जाणारा यहूदियाचा हा मुलूख उघडाबोडका आहे. चुनखडीचे डोंगर, कोरडे ओढे आणि जिकडेतिकडे दगड. 40 दिवसांच्या उपासानंतर सैतान बोट दाखवतो, तेही या दगडांकडेच : यांच्या भाकरी कर.

परीक्षा तीन आणि उत्तरंही तीन. ती तिन्ही उत्तरं एकाच पुस्तकातली आहेत, जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायातली. सहाव्या अध्यायातच ‘शमा’ ही प्रार्थना आहे. धर्मनिष्ठ यहुदी माणूस सकाळ-संध्याकाळ ती म्हणतो. मुलांच्या मनावर हे बिंबवा, घरात आणि वाटेवर याविषयी बोला, ही आईबापांना दिलेली आज्ञाही तिथेच आहे. म्हणजे अरण्यात येशूच्या ओठांवर आलं ते नासरेथच्या घरात आणि सभास्थानात लहानपणापासून कानांवर पडलेलं. अरण्यात कुणी शास्त्री जवळ नव्हता. पोटात भूक होती आणि उत्तर आतूनच यायचं होतं.

पण पाठ तर सैतानालाही होतं. मंदिराच्या कंगोऱ्यावर उभं करून तो 91व्या स्तोत्रातल्या ओळी म्हणून दाखवतो. मी या जागी दर वेळी थबकतो. लहानपणी संडेस्कूलमध्ये रंगीत चित्रासाठी आम्ही वचनं पाठ करायचो. चित्र हातात पडलं की वचन विसरलं जायचं. मग पाठ असणं आणि अंगी असणं यांत फरक कशाने पडतो?

मला वाटतं, नासरेथच्या वर्षांनी. मार्क येशूला सुतार म्हणतो, चार भावांची नावं देतो, बहिणींचाही उल्लेख करतो. योसेफ मात्र, येशू बारा वर्षांचा असताना झालेल्या वल्हांडणाच्या यात्रेनंतर, गोष्टीतून दिसेनासा होतो. तो बहुधा वारला असावा, आणि तसं असेल तर घर थोरल्याच्या हातांवर आलं असणार. येशू नांगर आणि जू बनवायचा, असं दुसऱ्या शतकातला जस्टिन लिहितो. जू बैलाच्या मानेवर बसवायचं तर रंधा मारून पुन्हापुन्हा हात फिरवून पाहावं लागतं. कुठे कुसळ राहिलं तर मान सोलते. अशा कामातून ज्याने घरच्यांसाठी भाकर मिळवली, त्याला भाकरीची किंमत ठाऊक होती. म्हणूनच माणसाला भाकरीपलीकडेही काही लागतं, हे त्याच्या तोंडून येतं तेव्हा ते पोपटपंची वाटत नाही. अनुवादाच्या आठव्या अध्यायातला इस्राएल 40 वर्षं रानात होता, भुकेला झाला आणि कुरकुरला. येशू 40 दिवस भुकेला राहिला आणि पित्याला धरून राहिला.

लूक सांगतो, त्याने सेवा सुरू केली तेव्हा तो सुमारे 30 वर्षांचा होता. त्यातली बहुतेक वर्षं शुभवर्तमानांत कोरी आहेत. आपण त्यांना वाया गेलेली म्हणू धजत नाही, पण आपल्या मंडळीतल्या तरुणाला मात्र विशीतच व्यासपीठावर उभं करायची घाई करतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

अरण्यातून परतल्यावर एका शब्बाथ दिवशी तो नासरेथला, नेहमीच्याच सभास्थानात, वाचायला उभा राहतो. यशयाची गुंडाळी त्याच्या हाती दिली जाते. कुमरानच्या गुहेत मिळालेली यशयाची गुंडाळी 7 मीटरहून लांब आहे. तेव्हा अध्यायांचे आकडे नव्हते, पानं नव्हती. एका हाताने उलगडायचं, दुसऱ्याने गुंडाळत जायचं, आणि हवा असलेला भाग तर जवळजवळ शेवटाशी. लूक लिहितो की त्याने ती जागा काढली. ती कुठे आहे हे त्या हातांना माहीत होतं. त्याने वाचलं, गुंडाळी मिटली, सेवकाकडे परत दिली आणि तो खाली बसला.

तो काय बोलला आणि गाव का खवळलं, ते पुढच्या आठवड्यात.