मेंदूचा आलेख कोणाच्या मालकीचा?

फिट येणाऱ्या मुलाचा ई.ई.जी. सांगितला की आई हमखास विचारते, "डॉक्टर, त्याच्या मनातलं कळेल का हो यात?" नाही. त्यात मेंदूतील सूक्ष्म विद्युतलहरी उमटतात, विचार नव्हे.

मात्र अशा लहरी टिपणारे पट्टे आता बाजारातही मिळतात. म्हणून चिली देशाने २०२१ मध्ये मेंदूच्या माहितीला राज्यघटनेतच संरक्षण दिले. २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने एका माजी सिनेटरच्या मेंदूची साठवलेली नोंद कंपनीला पुसायला लावली. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१० मध्ये संमतीवाचून ब्रेन मॅपिंग करण्यास मनाई केली.

उपचारासाठीच्या ई.ई.जी.ला घाबरू नका. पण बाजारचा पट्टा डोक्याला लावण्यापूर्वी विचारा : नोंद कोठे जाते? कोणाला दिसते? पुसता येते का?